प्रवासी फणस, अर्थात् अननसाची घरगुती लागवड

अननस चिरावयास घेतला कीं गृहिणी प्रथम त्याचा हिरवा तुरा मोडून केराच्या टोपलींत टाकते. मग साल निघते, डोळे निघतात आणि फोडी ताटांत येतात. हें इतकें नित्याचें झालें आहे कीं, फळासाठीं पैसे मोजून आणलेलें एक जिवंत झाड आपण स्वतःच्या हातांनीं फेकून देतों, इकडे कोणाचें लक्षच जात नाहीं. तो तुरा केवळ शोभेचा नसून एक संपूर्ण रोप आहे. त्यास माती मिळाली तर मुळें फुटतात आणि सुमारें दोन वर्षांनीं त्याच्या पोटीं दुसरा अननस येतो. आमच्या तासगांवीं ही गोष्ट काढली कीं लोक हंसतात. "अननस कोंकणांतला, येथें आपलीं द्राक्षें लावावींत," असें उत्तर मिळतें. ह्या उत्तरांत दोन समज गुंतलेले आहेत. अननस मुळचा कोंकणांतला, हा एक. आणि आमच्या कोरड्या हवेंत तो तग धरणार नाहीं, हा दुसरा. हे दोन्ही समज तपासून पाहावे आणि त्याच ओघांत लागवडीची कृति सांगावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांव घेऊं. ज्यानें जन्मभर संस्कृत व्याकरण शिकविलें त्यास शब्द दिसला कीं तो फोडण्याचा मोह होतो. 'अनस्' म्हणजे गाडी. तेव्हां नञ् समास करून 'अननस्' म्हणजे 'ज्यास गाडी नाहीं असा', ही व्युत्पत्ति व्याकरणदृष्ट्या बिनचूक ठरेल! परंतु व्याकरणांत बसलेला अर्थ खरा असतोच असें नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील तुपी व ग्वारानी लोकांच्या बोलींतून पोर्तुगीजांनीं हा शब्द उचलला, आणि त्यांच्या गलबतांतून फळ व नांव हीं दोन्ही आमच्या किनाऱ्यास लागलीं. शास्त्रज्ञ ह्या झाडास 'अनानास कोमोसस' म्हणतात. त्यांतील दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'तुरेदार' असा आहे. अर्वाचीन संस्कृतांत ह्यास 'बहुनेत्रफलम्' म्हणतात. नांव सुंदर आहे. पण तें मागाहून ठेवलेलें आहे, जन्मनांव नव्हे.

अननस ज्या वनस्पतिकुलांतील आहे त्यास ओलोफ ब्रोमेलियस ह्या स्वीडिश वैद्याच्या नांवावरून ब्रोमेलिया कुल म्हणतात. ह्या कुलांत तीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं पश्चिम आफ्रिकेंतील एक जात सोडली तर बाकी सर्व अमेरिका खंडांतील आहेत. कोणी झाडांच्या फांद्यांवर वाढतात, कोणी खडकांवर, कोणी पानांच्या पेल्यांत पावसाचें पाणी सांठवून राहतात. एवढ्या मोठ्या कुटुंबांतून खाण्याच्या फळासाठीं जगभर गेला तो हा एकच. तेथील मूळ रहिवाश्यांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून तो मोठा व गोड केला होता. कोलंबसाच्या लोकांनीं तो १४९३ च्या नोव्हेंबरांत ग्वादलूप बेटावर पाहिला, आणि पुढील शंभर वर्षांच्या आंत तो हिंदुस्थानांत रुजलाही होता.

ह्या प्रवासाची साक्ष आमच्याच इतिहासांत आहे. 'ऐन-ए-अकबरी' ह्या ग्रंथांत अबुल फजलानें अननसाचें वर्णन करतांना त्यास 'प्रवासी फणस' अशा अर्थाचें नांव असल्याचें सांगितलें आहे. कारण त्याचें रोप भांड्यांत लावून प्रवासांत बरोबर नेतां येई आणि तें वाटेंतही फळ देई. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत आग्र्याच्या गुल-अफशान बागेंत दरसाल हजारों अननस येत असल्याचें नमूद केलें आहे. आग्र्याची हवा कांहीं कोंकणची नव्हे. तेथील उन्हाळा व हिंवाळा दोन्ही आमच्यापेक्षां कडक. तेव्हां कुंडींतील अननस ही आजच्या गच्चीवरील बागवाल्यांनीं काढलेली नवी टूम नसून चारशें वर्षांहून जुनी युक्ति आहे. विलायतेंत अठराव्या शतकांत श्रीमंत लोक कांचेच्या उबदार घरांत अपार खर्च करून हें फळ पिकवीत. आणि ज्यांस तें परवडत नसे ते मेजवानीच्या टेबलावर मिरविण्यापुरता अननस भाड्यानें आणीत! आपल्याकडे मात्र गोमंतक व कोंकण येथें तो माड-पोफळींच्या सांवलींत सुखानें वाढला. केरळांत तर त्याचें मोठें पीक होतें. तेथील वाझकुळमच्या अननसास २००९ सालीं भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. मल्याळी भाषेंत ह्या फळास 'कैतच्चक्क' म्हणतात. म्हणजे केवड्याचा फणस. पानें केवड्यासारखीं, अंग फणसासारखें. ज्यानें हें नांव ठेविलें त्याची नजर चांगली होती.

येथें एक प्रसंग सांगणें अवश्य वाटतें. एका लग्नघरीं पंगतींत अननसाचा शिरा वाढला होता. एक सुशिक्षित गृहस्थ मुलांस सांगूं लागले कीं, हें फळ आपल्या ऋषींस ठाऊक होतें, युरोपियन लोकांनीं तें आपल्याकडूनच नेलें. एका सात-आठ वर्षांच्या मुलीनें विचारलें, "कोणत्या श्लोकांत आहे, आजोबा?" त्यावर "मोठ्यांना उलट विचारूं नये" एवढेंच उत्तर तिला मिळालें. ती गप्प बसली. आम्हांस त्या शिऱ्याची गोडी पुढें लागली नाहीं. चरक-सुश्रुतांच्या संहितांत हें फळ नाहीं, पुराणांत नाहीं, आणि असणें शक्यही नव्हतें. हें त्या मुलीस सरळ सांगण्यांत आपल्या पूर्वजांचा कोणता अपमान होता? ज्या पूर्वजांनीं 'प्रमाण काय?' हा प्रश्न शास्त्राचा पाया मानला, त्यांच्या नांवावर प्रमाण विचारणाऱ्या मुलास गप्प बसविणें हाच त्यांचा अपमान होय.

ह्याच्या उलट टोंकाचे लोकही आढळतात. परदेशी फळ नैवेद्यास चालत नाहीं, असें ते म्हणतात. त्यांनीं आपल्या एकादशीच्या ताटाकडे एकदां निरखून पाहावें. बटाटा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतांतला, शेंगदाणा त्याच खंडांतला, रताळें अमेरिकेंतलें, मिरची अमेरिकेंतली. आणि आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही दक्षिण अमेरिकेंतलाच. दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू मेक्सिकोकडील. सीताफळ तर नांवांतच सीतामाईस घेऊन बसलें आहे, परंतु जन्मानें तेंही अमेरिकन. ज्या द्राक्षांवर आमचा तालुका उभा आहे त्यांतील 'तास-ए-गणेश' ह्या वाणाचें नांवच तासगांव व येथील गणपति ह्यांवरून पडलें. पण तो वाण 'थॉम्पसन सीडलेस' ह्या परकीय वाणांतून येथील शेतकऱ्याच्या नजरेनें निवडलेला आहे. फार कशाला, परशुरामभाऊ पटवर्धनांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेल्या आमच्या गणपतीच्या देवळापुढें जें सात मजली गोपुर आहे, त्याची घडण दक्षिणेकडील. त्याला आज परकें कोण म्हणतो? वस्तु कोठून आली हें खरें सांगावें आणि ती मनापासून आपली म्हणावी; ह्या दोहोंत विरोध नाहीं.

आतां दुसऱ्या समजाकडे वळूं. आमच्या हवेंत अननस जगेल काय? जगेल, आणि ह्याचें कारण त्याच्या श्वास घेण्याच्या रीतींत आहे. बहुतेक झाडें दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु आंत घेतात; त्या वेळीं ऊन असल्यामुळें पानांतील पाणीही पुष्कळ उडून जातें. अननस बहुतांशीं रात्रीं छिद्रें उघडतो, घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें पानांत सांठवितो आणि दिवसा दारें लावून घेऊन सूर्यप्रकाशांत त्याची साखर करतो. निवडुंगाचीही रीत हीच. शिवाय त्याचीं पानें पन्हळीसारखीं असल्यामुळें दंवाचा थेंबसुद्धां ओघळून बुडाशीं पोंचतो, आणि पानांच्या बगलेंतही तो पाणी शोषून घेतो. तेव्हां आमच्याकडील पाण्याचें दुर्भिक्ष हा त्याचा मोठा शत्रु नव्हे. त्याचे खरे शत्रु येथें दोन: येरळा-अग्रणीच्या टापूंतील चुनखडीयुक्त काळी जमीन आणि बुडाशीं सांचून राहिलेलें पाणी. अननसास आंबूस व निचऱ्याची माती हवी. चुन्याच्या जमिनींत त्यास लोह मिळत नाहीं आणि पानें पिवळीं पडतात. म्हणून आमच्या भागांत त्यास जमिनींत न लावतां कुंडींत लावावें, हें उत्तम.

लागवडीची रीत अशी. बाजारांतून अननस आणतांना तुऱ्याचा गाभा हिरवा व टवटवीत आहे असा पाहून आणावा. एका हातानें फळ व दुसऱ्या हातानें तुरा धरून पिळला कीं तो सुटून येतो. त्यास चिकटलेला फळाचा गर काढून टाकावा, नाहींतर बूड कुजतें. खालचीं लहान पानें सोलून सुमारें एक इंच देंठ उघडा करावा. तेथें बारीक तपकिरी ठिपके दिसतील, तींच भावी मुळें. हा तुरा सांवलींत पांच-सात दिवस तसाच वाळूं द्यावा. घाई करणाऱ्यांचे तुरे बहुधा येथेंच कुजतात.

कुंडी बारा इंच तोंडाची पुरे. बुडाशीं भोंकें मोकळीं असावींत व त्यांवर खापऱ्या पसराव्या. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग चांगलें कुजलेलें पानांचें किंवा शेणाचें खत असें मिश्रण करावें. तुरा दीड-दोन इंच खोल लावून सभोंवारची माती घट्ट दाबावी. मात्र मधल्या गाभ्यांत माती जाऊं देऊं नये. ज्येष्ठांत उन्हाळा ओसरला कीं लावणीस योग्य काळ. दीड-दोन महिन्यांत मुळें धरतात. हलकेंच ओढून पाहिलें असतां रोपानें प्रतिकार केला म्हणजे तें लागलें असें समजावें.

पाणी थोडें द्यावें. मातीचा वरचा थर कोरडा झाला कीं मगच पुन्हां पाणी. उन्हाळ्यांत आठवड्यास दोनदां, हिंवाळ्यांत त्याहून कमी. आमच्याकडील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. पावसाचें पाणी सांठविलें असेल तर तें ह्या झाडासाठीं राखून ठेवावें. सकाळचें ऊन त्यास भरपूर हवें, परंतु चैत्र-वैशाखांतील दुपारच्या उन्हांत पानांचे शेंडे करपतात. तेवढे दोन महिने कुंडी झाडाच्या विरळ सांवलीस सरकवावी. पानें पिवळीं पडूं लागल्यास एक लिटर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यांत लिंबाच्या रसाचे चार थेंब पिळून, सायंकाळीं पानांवर फवारावें. पंधरवड्यानें पुन्हां एकदां. दोन-तीन महिन्यांनीं मूठभर गांडूळखत पुरे. पानांच्या बगलेंत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यानें पुसून काढावा. द्राक्षबागवाल्यांस ह्या शत्रूची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. कांहीं वाणांच्या पानांस करवतीसारखे कांटे असतात. म्हणून कुंडी मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवूं नये.

दीड वर्षाच्या सुमारास झाडास तीस-चाळीस मोठीं पानें झालीं म्हणजे फुलण्याची वेळ आली असें समजावें. थंडी पडून दिवस लहान झाले कीं फूल आपोआप येतें. तें न आल्यास एक गंमतीचा उपाय आहे. अझोर्स बेटांवर एकोणिसाव्या शतकांत बागाइतदारांस असें आढळलें कीं, कांचघरांत धूर केला तर अननस लवकर व एकदम फुलतात. धुरांतील इथिलीन वायूचा हा प्रभाव, हें पुढें सिद्ध झालें. हाच वायु पिकत्या केळ्यांतून व सफरचंदांतूनही निघतो. तेव्हां दोन-तीन पिकलीं केळीं कुंडींत बुडाशीं ठेवून झाडावर मोठी पिशवी घालावी, ती सांवलींत तीन-चार दिवस राहूं द्यावी आणि मग काढावी. साधारण दोन महिन्यांनीं पानांच्या मधोमध लालसर कळा दिसूं लागतो.

तो कळा म्हणजे एक फूल नसून शंभर ते दोनशें फुलांचा समुदाय असतो. निळसर-जांभळीं फुलें खालून वर अशीं कांहीं आठवडे उमलत राहतात आणि त्यांचीं लहान लहान फळें एकमेकांस चिकटून एक अननस होतो. प्रत्येक डोळा हें एकेक फूल होतें. हे डोळे तिरक्या रांगांनीं चढतात. मुलांस त्या रांगा मोजावयास सांगाव्या. एका बाजूस कलणाऱ्या रांगा बहुधा आठ भरतात, उलट बाजूस कलणाऱ्या तेरा, आणि त्यांहून उभ्या चढणाऱ्या एकवीस. आतां ज्यांनीं मात्रावृत्तें शिकलीं आहेत त्यांनीं हें ताडून पाहावें: लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन धरल्या, तर पांच मात्रा आठ रीतींनीं मांडतां येतात, सहा मात्रा तेरा रीतींनीं आणि सात मात्रा एकवीस रीतींनीं. मागील दोन संख्यांची बेरीज करून पुढील संख्या काढण्याचा हा नियम विरहांक व बाराव्या शतकांतील हेमचंद्र ह्यांनीं छंदःशास्त्रांत सांगितला. इटलींतील फिबोनाची ह्याचा ग्रंथ १२०२ चा. ह्यावरून हेमचंद्राचार्यांनीं अननस खाल्ला होता असें कोणी म्हणूं नये! वाढत्या शेंड्यावर प्रत्येक नवा अंकुर जेथें अधिक मोकळी जागा सांपडेल तेथें उगवतो, आणि त्यांतून ह्या संख्या आपोआप निघतात. फळ त्यांचें, गणित आमचें. आणि दोन्ही खरीं. त्या लग्नघरांतील मुलीस हें सांगितलें असतें तर तिचा प्रश्नही राहिला असता आणि अभिमानही.

कळा दिसल्यापासून फळ पिकण्यास पांच-सहा महिने लागतात. अननस तोडल्यावर आंबा-केळ्यांप्रमाणें अढींत घालून गोड होत नाहीं. जितकी गोडी झाडावर येईल तितकीच खरी. म्हणून बुडाकडून पिवळेपणा वर चढेपर्यंत व सुवास सुटेपर्यंत थांबावें. कुंडींतील फळ बाजारच्या फळाएवढें मोठें होत नाहीं, ही अपेक्षा आधींच ठेवावी.

स्वयंपाकघरासाठीं दोन शब्द. कच्च्या अननसांत ब्रोमेलेन नांवाचें पाचक द्रव्य असतें व तें प्रथिनांचें विघटन करतें. जीभ चुरचुरते ती त्यामुळेंच. फोडी मिठाच्या पाण्यांत थोडा वेळ ठेवल्यास त्रास कमी होतो. अननसाचा कच्चा रस दुधांत किंवा श्रीखंडांत घातला तर तें कडू होतें, ह्याचेंही कारण तेंच. शिजविल्यावर हें द्रव्य निष्प्रभ होतें. म्हणून फोडी साखरेंत शिजवून घेऊन मगच दुधाच्या पदार्थांत घालाव्या. शिऱ्यास व साखरभातास ही अडचण येत नाहीं. गोमंतकांत मोहरी-खोबऱ्याच्या वाटणांत अननसाचें सासव करतात, तेंही करून पाहण्यासारखें आहे.

फळ दिल्यावर मूळ झाड पुन्हां फळत नाहीं. तें हळूहळू सुकतें. परंतु सुकण्यापूर्वीं त्याच्या बुडाशीं पिलवीं फुटतात. ऊंसाच्या खोडव्याप्रमाणें त्यांतील एक जोमदार पिलवें जागींच राखावें व बाकीचीं वेगळीं लावावीं; तीं तुऱ्यापेक्षां लवकर फळतात. आमच्यासारख्या साठी उलटलेल्या माणसांस लोक विचारतात, "दोन वर्षांनीं येणाऱ्या एका फळासाठीं आतां हा खटाटोप कशाला?" त्यांस आमचें सांगणें असें कीं, झाड आपला हिशेब फळावर संपवीत नाहीं. तें जातांना तीन-चार पिलवीं मागें ठेवून जातें, आणि तीं कोणाच्या अंगणांत लावावयाचीं हें ठरविण्याचें सुख लावणारास आजच मिळतें.

वाचक-भगिनींस एवढीच विनंति कीं, पुढील वेळीं अननस चिराल तेव्हां तुरा घरांतील एखाद्या मुलाच्या हातीं द्यावा आणि कुंडी त्याच्याकडूनच भरवून घ्यावी. दोन वर्षें तें मूल रोज विचारील, हें कोठून आलें, केव्हां फळेल, असें कां होतें. त्यांतील ज्याचें उत्तर ठाऊक आहे तें खरें द्यावें, आणि ज्याचें नाहीं तें दोघांनीं मिळून शोधावें. फळ येईल त्या दिवशीं पहिली फोड देवापुढें ठेवावी, दुसरी त्या मुलास द्यावी, आणि नवा तुरा शेजारच्या घरीं पाठवावा.